पेपर किती ते सोडा, रेणू कुठला ते बघा

परवा एकाने बायोमासवर, म्हणजे लाकूड, काड अशा वनस्पतींच्या मालावर काम करणाऱ्या एका केमिस्टच्या पेपरांची लांबलचक यादी पाठवली आणि खाली विचारलं, सगळीकडे तेच शब्द, फरफ्युरल, ग्लुकोज, कॅटॅलिस्ट (रिॲक्शनचा वेग वाढवणारा पदार्थ), हा माणूस एकच पेपर फिरवून फिरवून छापतो का? प्रश्न खोचक आहे, पण अगदीच चूक नाही.

अशी यादी वाचताना पेपर मोजायचे नसतात, माणूस कुठल्या रेणूच्या मागे लागलाय ते बघायचं. लाकूड, भुसा, काड यांचा साधारण 40 ते 50 टक्के भाग सेल्युलोज, म्हणजे ग्लुकोजची लांब माळ. माळ तोडली की ग्लुकोज सुटतं, त्यातून पाण्याचे 3 रेणू काढले की हायड्रॉक्सीमिथाइलफरफ्युरल, थोडक्यात एचएमएफ. 180 वजनातून 54 गेले, उरले 126. या एचएमएफपासून पुढे प्लास्टिक होतं, इंधन होतं, बरंच काही होतं.

कागदावर. प्रत्यक्षात ग्लुकोज पाण्यात ॲसिड घालून तापवलं तर एचएमएफ जेमतेम मिळतं आणि भांड्यात काळपट तपकिरी गाळ बसतो, त्याला ह्युमिन म्हणतात. फ्रुक्टोज, म्हणजे फळांतली साखर, मात्र झटकन पाणी सोडतं. अणू दोघांत तेवढेच, नुसती मांडणी वेगळी, म्हणून आधी ग्लुकोजचं फ्रुक्टोज करून घ्यायचं.

आता माझा आवडता भाग. 2010 मध्ये कॅलटेकमधल्या डेव्हिस यांच्या गटाने दाखवलं की बीटा नावाच्या झिओलाइटच्या (बारीक छिद्रांच्या खनिजाच्या) जाळीत कथिलाचे सुटे अणू बसवले तर हे काम चक्क पाण्यात होतं. ग्लुकोजचं कडं उघडतं, पहिल्या आणि दुसऱ्या कार्बनवरचे ऑक्सिजन कथील चिमट्यासारखं धरून ठेवतं आणि दुसऱ्या कार्बनवरचा हायड्रोजन आपले दोन इलेक्ट्रॉन बरोबर घेऊन थेट पहिल्यावर उडी मारतो, झालं फ्रुक्टोज. हे कळलं कसं? दुसऱ्या कार्बनवर साध्या हायड्रोजनऐवजी जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम असलेलं ग्लुकोज घेतलं आणि नंतर एनएमआरमध्ये, म्हणजे रेणूत कुठला अणू कुठे आहे ते दाखवणाऱ्या तपासणीत, तो कुठे गेला ते पाहिलं, तर तो शेजारच्या पहिल्या कार्बनवर जाऊन बसलेला! सोडियम हायड्रॉक्साइडने हीच रिॲक्शन केली तर तो पाण्यात हरवतो, कारण तिथे हायड्रोजन इलेक्ट्रॉन मागे टाकून प्रोटॉन म्हणून सुटतो आणि पाण्यातला दुसराच कुणीतरी येऊन बसतो. म्हणजे माल तोच पण रस्ता वेगळा. पहिला रस्ता लुईस ॲसिडचा, म्हणजे इलेक्ट्रॉनची जोडी ओढून घेणाऱ्या कथिलासारख्याचा, आणि पुढे फ्रुक्टोजमधून पाणी काढायला ब्रॉन्स्टेड, म्हणजे प्रोटॉन देणारं ॲसिड लागतं, म्हणून या यादीत निम्मे पेपर "दोन्ही प्रकारच्या जागा एकाच कॅटॅलिस्टवर" असे दिसतात. इथे कुणी गोंधळलं तर हरकत नाही, हायड्रोजनची उडी लक्षात राहिली तरी पुरे.

त्या प्रयोगात 110 अंशांना अर्ध्या तासात 31 टक्के फ्रुक्टोज आणि 9 टक्के मॅनोज (त्यांचंच आणखी एक साखर-भावंड) मिळालं, 46 टक्के ग्लुकोज तसंच राहिलं. का? कारण कॅटॅलिस्ट वेग वाढवतो, रिॲक्शनचा समतोल कुठे येणार ते बदलत नाही. "नव्या कॅटॅलिस्टने कचऱ्याचं पेट्रोल" छापाच्या बातम्या वाचताना एवढं आठवा, ही अंगाऱ्याची पुडी नाही.

पेपरांमध्येही एक हातचलाखी असते, सगळे मुद्दाम करतात असं नाही. "कॅटॅलिस्ट पाच वेळा वापरला, फरक नाही" म्हणून पाच सारख्या उंचीच्या कांड्यांचा ग्राफ येतो. पण रिॲक्शन तासाभरात संपत असेल आणि तुम्ही चार तास चालू ठेवली असेल, तर अर्धा कॅटॅलिस्ट मेला तरी ग्राफ जागचा हलणार नाही. अर्ध्यावर थांबवून मोजलंय का, ते बघायचं. शिवाय गरम असतानाच कॅटॅलिस्ट गाळून काढला आणि उरलेल्या द्रावात रिॲक्शन चालूच राहिली, तर धातू विरघळून बाहेर आलाय आणि खरं काम तोच करतोय.

आणि शेवटचं, सुरुवात कशापासून केलीय? बाटलीतलं शुद्ध फ्रुक्टोज असेल तर 90 टक्के सुद्धा दिसतील. खरं काड घेतलं की त्यातलं पोटॅशियम, कॅल्शियम ॲसिडच्या जागांवरचे प्रोटॉन हटवून स्वतः बसतं, लाकडाला टणक करणारं लिग्निन आडवं येतं, आणि आकडा धाडकन पडतो. असा पडलेला आकडा ज्याने छापलाय तो पेपर मी आधी उघडतो.