सिझरनंतर नॉर्मल? आधी आतला टाका कुठे आहे ते पाहा

दुसऱ्या खेपेला दिवस राहिले की पहिल्या बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड शोधून काढा. सासरी असो, माहेरी असो, जिथे असेल तिथून मागवा. ‘आता नॉर्मल होईल का?’ या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या कागदावर असतं.

पोटावरचा व्रण पाहून हे उत्तर मिळत नाही. कातडीवरचा छेद वेगळा आणि आत गर्भाशयावरचा वेगळा. बाहेर आडवी, बारीक रेघ दिसत असली तरी आतला छेद उभा असू शकतो. कार्डावर ‘एलएससीएस’ अशी अक्षरं असतील तर छेद गर्भाशयाच्या खालच्या भागात घेतलेला आहे, आणि तो बहुधा आडवा असतो. आजकालची बहुतेक सिझर अशीच होतात.

या फरकाचं एवढं महत्त्व का? कळ येते तेव्हा गर्भाशयाचा वरचा जाड स्नायू आकसून बाळाला खाली ढकलतो. खालचा भाग शेवटच्या महिन्यांत ताणला जाऊन पातळ झालेला असतो. तो फारसा आकसत नाही, बाळाला वाट देतो. जुना व्रण वरच्या भागात असेल तर प्रत्येक कळेचा जोर त्याच्यावर येतो आणि गर्भाशय तिथे फाटण्याचा धोका बराच वाढतो. अशा बाईने नॉर्मलचा प्रयत्न करू नये, असंच डॉक्टर सांगतात. खालच्या आडव्या व्रणावर इतका ताण येत नाही.

‘एकदा सिझर, की कायम सिझर’ हे वाक्य १९१६ सालच्या एका लेखातलं, न्यूयॉर्कचे डॉ. एडविन क्रेगिन यांचं. त्या काळी छेद वरच्या भागात, उभा घेत. शिवाय क्रेगिन यांचा रोख वेगळाच होता. पहिलं सिझर उगाच करू नका, कारण त्याचं ओझं पुढच्या बाळंतपणांवर पडतं, असं ते डॉक्टरांना बजावत होते. सिझरनंतर तीन मुलं सुखरूप, नॉर्मल झालेल्या आपल्याच एका पेशंटचा उल्लेखही त्यांनी त्याच लेखात केला होता. १९२०च्या दशकात ग्लासगोच्या मन्रो कर यांनी खालच्या आडव्या छेदाचा पुरस्कार केला आणि हळूहळू तो रूढ झाला. जुन्या छेदासाठी केलेला नियम मात्र आजही घरोघरी ऐकू येतो.

आता आकडे. अमेरिकेतल्या १९ वैद्यकीय केंद्रांचा मोठा अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी सिझर झालेल्या १७,८९८ स्त्रियांनी नॉर्मलचा प्रयत्न केला. त्यांपैकी ७३ टक्के स्त्रियांची नॉर्मल प्रसूती झाली. १२४ जणींचं गर्भाशय फाटलं, म्हणजे हजारात सुमारे सात. हा आकडा लहान आहे, पण ज्या घरावर ती वेळ येते तिथे बाळाच्या जिवाशी गाठ असते, म्हणून तो झाकून ठेवू नये.

दोन सिझर झाली असतील तर? दोन्ही छेद खालचे आडवे असतील तर दार बंद होत नाही. यशाचं प्रमाण साधारण सत्तर टक्क्यांच्या आसपास राहतं. फाटण्याचा धोका एक ते दीड टक्क्यापर्यंत जातो. पहिलं सिझर कशासाठी झालं यावरही बरंच अवलंबून असतं. बाळ पायाळू होतं म्हणून झालं असेल तर ते कारण या वेळी नसेलही. कळा येऊनही बाळ खाली सरकत नव्हतं म्हणून झालं असेल तर यशाची शक्यता थोडी कमी. आणि आधी एकदा तरी नॉर्मल बाळंतपण झालेलं असेल, तर दहापैकी आठ-नऊ जणींना यश येतं.

कळा आपोआप आलेल्या सगळ्यांत बऱ्या. त्याच अभ्यासात आपोआप कळा आलेल्यांत गर्भाशय फाटण्याचं प्रमाण ०.४ टक्के होतं, औषधाने कळा आणलेल्यांत १ टक्का. कळा आणणारी मिसोप्रोस्टॉलची गोळी अशा वेळी देत नाहीत. कळांच्या काळात बाळाच्या ठोक्यांची पट्टी सतत चालू ठेवतात, कारण व्रण उसवू लागला की बहुतेकदा पहिली खूण तिथेच उमटते: ठोके घसरतात. दोन कळांच्या मध्येही न थांबणारं दुखणं, अंगावरून रक्त जाणं, येत असलेल्या कळा एकदम बंद पडणं, याही धोक्याच्या खुणा. मग काही मिनिटांत ऑपरेशन सुरू व्हायला हवं.

म्हणून जागा फार महत्त्वाची. भूलतज्ज्ञांना रात्री दुसऱ्या गावाहून बोलवावं लागत असेल, रक्त आणायला जिल्ह्याला गाडी पाठवावी लागत असेल, तर तिथे हा प्रयत्न करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात २५.४ टक्के आणि गोव्यात ३९.५ टक्के बाळंतपणं सिझरने झाली. एवढ्या आयांपुढे पुढच्या खेपेला हा प्रश्न उभा राहणार, आणि अशी सोय असलेलं रुग्णालय जवळ असणं हा त्यांचा हक्क मानला पाहिजे.

पुन्हा सिझर करणं म्हणजे बिनधोक मार्ग, असंही नाही. दर सिझरबरोबर वार (प्लॅसेंटा) जुन्या व्रणात रुतून बसण्याची शक्यता वाढत जाते. वार गर्भाशयाच्या तोंडावर असेल तर दुसऱ्या सिझरच्या वेळी ती अशी रुतलेली सापडण्याचं प्रमाण ११ टक्के, तिसऱ्या वेळी ४० टक्के. मग रक्तस्राव आवरत नाही आणि कधी कधी गर्भाशयच काढावं लागतं. आणखी मुलं हवी असतील तर हे आधीच विचारात घ्यायला हवं. सगळं समजून घेऊन एखादीने सिझरच निवडलं, तर तोही तिचा पूर्ण विचाराने घेतलेला निर्णय आहे. त्यात कमीपणा कसला?

हे बोलणं सातव्या-आठव्या महिन्यात, कार्ड समोर ठेवून, नवरा-सासूसह डॉक्टरांशी व्हावं. ठरवलेल्या तारखेच्या आधीच कळा सुरू झाल्या तर काय करायचं, हेही तेव्हाच विचारून ठेवा. नॉर्मलचं ठरलं असो वा सिझरचं, जुना व्रण असताना कळा घरी काढत बसायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा.