टीम पेठेची नाही, खात्याची: भुसावळच्या फुटबॉलची पार्श्वभूमी

कोल्हापुरात कोणालाही टीम विचारा, तो पेठेचं नाहीतर तालमीचं नाव सांगेल. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ. घर जिथलं, टीम तिथली, आणि ती आजोबांकडून नातवाकडे आपसूक येते. खानदेशात तसं घडलं नाही. इथे फुटबॉल रुजला तो रेल्वेच्या वसाहतीत, आणि तिथे माणूस ओळखला जायचा तो खात्यावरून: लोको (इंजिनं), ट्रॅफिक (वाहतूक), कॅरेज-वॅगन (डबे), इंजिनिअरिंग. ज्या खात्याची भाकरी, त्या खात्याची टीम. हा फरक डोक्यात ठेवला नाही तर भुसावळ सोडून तीस-चाळीस वर्षं झालेली माणसं अजून तिथल्या मैदानाची चौकशी का करतात, हे नीट उलगडत नाही.

१८६० च्या दशकात ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जुन्या लोकांची जीआयपी, तापीच्या खोऱ्यात आली तेव्हा भुसावळ एक लहान गाव होतं. इथून एक फाटा नागपूरकडे गेला, तो १८६७ साली नागपूरला पोचला. दुसरा खंडवा-इटारसीवरून जबलपूरकडे गेला आणि मार्च १८७० मध्ये मुंबई-कलकत्ता हा सलग मार्ग सुरू झाला. दोन मोठ्या वाटा फुटायच्या तिथे त्या काळी इंजिन बदलायचं, ड्रायव्हर बदलायचा, गार्ड बदलायचा. त्या सगळ्यांना राहायला घरं लागली, शेड लागली, दवाखाना लागला, शाळा लागली, इन्स्टिट्यूट म्हणजे कामगारांचा क्लब लागला. वसाहत उभी राहिली, आणि सोबत तिचं मैदान आलं.

खेळ आणणारे पहिले लोक म्हणजे इंग्रज अधिकारी आणि अँग्लो-इंडियन कामगार. ड्रायव्हर, गार्ड, फोरमन या जागा दीर्घकाळ प्रामुख्याने त्यांच्याकडे होत्या. देशात फुटबॉल तेव्हा लष्कर आणि रेल्वे या दोन वाटांनी पसरत होता. ड्युरँड चषक १८८८ साली सिमल्यात सुरू झाला, रोव्हर्स चषक १८९१ साली मुंबईत. १९११ साली मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला हरवून आयएफए शील्ड जिंकली, तीही बहुतेक खेळाडू अनवाणी असताना. त्यानंतर हा खेळ साहेबाचा राहिला नाही. रेल्वेतही फिटर, खलाशी (रेल्वेत मदतनीस कामगाराला म्हणतात), कारकून मैदानात उतरले. १९२८ साली रेल्वेने खेळांसाठी स्वतंत्र मंडळ स्थापन केलं आणि कामगाराच्या खेळाला कागदोपत्री जागा मिळाली.

टीम खात्याची असणं ही रेल्वेच्या फुटबॉलची जुनी रीत आहे आणि तिचं मूळ खुद्द इंग्लंडात आहे. १८७८ साली लँकेशायर अँड यॉर्कशायर रेल्वेच्या न्यूटन हीथ इथल्या कॅरेज-वॅगन खात्यातल्या कामगारांनी एक क्लब काढला. सुरुवातीला ते रेल्वेच्याच दुसऱ्या खात्यांशी आणि दुसऱ्या रेल्वे कंपन्यांशी खेळायचे. मैदान इतकं वाईट, की कुठे चिखल तर कुठे दगड, आणि कपडे बदलायला अर्धा मैल लांबच्या गुत्त्यात जावं लागे. तोच क्लब १९०२ साली नाव बदलून मँचेस्टर युनायटेड झाला. क्रू नावाचं गाव तर रेल्वे कारखान्यामुळेच वाढलं. तिथला १८७७ चा क्रू अलेक्झांड्रा क्लब आजही ‘रेल्वेवाले’ याच टोपणनावाने ओळखला जातो. आज भुसावळच्या रस्त्यावर लाल युनायटेड जर्सी घातलेली पोरं दिसतात. त्या जर्सीची पहिली पिढी कॅरेज-वॅगनची होती आणि आपल्या गावातही त्याच नावाचं खातं आहे, हे त्यांना कोणीतरी सांगायला हवं.

फरक पुढे पडला. न्यूटन हीथचा क्लब खात्यातून सुटला, गावाचा झाला, तिकीट लावून चालू लागला. आपल्याकडे टीम खात्यातच राहिली. त्यातून फायदे मिळाले आणि तोटेही तिथूनच आले.

फायदा रोजच्या सोयीचा होता. मैदान रेल्वेचं, पाणी रेल्वेचं, रोलर रेल्वेचा. स्पर्धेला जायचं तर विशेष किरकोळ रजा आणि पास. खेळाडू कोट्यातून भरती होत असल्यामुळे चांगल्या पायाला पोटाची चिंता नसे. संतोष करंडक या राष्ट्रीय स्पर्धेत रेल्वेचा स्वतंत्र संघ खेळत असे आणि १९६० च्या दशकात त्याने तीन वेळा करंडक जिंकला. पी. के. बॅनर्जींसारखा ऑलिम्पिक कर्णधार ईस्टर्न रेल्वेचा नोकर होता. लहान जंक्शनवरच्या खलाशाच्या पोराला फुटबॉल खेळून नोकरी लागू शकते हे दिसत होतं, आणि ते दिसणं फार मोठं होतं.

अडचण ड्युटीची. अकरा जणांची टीम उतरवायची तर यादीत किमान अठरा-वीस नावं लागत, कारण रनिंग स्टाफचा, म्हणजे गाडीवर जाणाऱ्या माणसांचा, भरवसा नाही. ड्रायव्हर-गार्डला घरून बोलवायला कॉल बॉय यायचा, हातात वही घेऊन. कॉल आला की वहीवर सही करायची आणि ठरल्या वेळी शेडमध्ये हजर व्हायचं, मग उपांत्य सामना असो की अंतिम. म्हणून जाणता कॅप्टन गोलकीपर आणि सेंटर हाफ या दोन जागा रनिंगच्या माणसाला देत नसे. तिथे वर्कशॉपचा, ठरलेल्या पाळीचा माणूस बरा. फॉरवर्ड ऐन वेळी बदलता येतो, गोलकीपर बदलला की अख्खी बचावफळी गडबडते. सामना पाचला ठेवायचा तोही याच हिशेबाने: चारचा भोंगा, घरी चहा, पाचला मैदान. पूर्वी देशातले सामने सत्तर मिनिटांचेच असत, त्यामुळे दिवेलागणीच्या आत खेळ संपायचा.

आता मैदानाबद्दल जरा सविस्तर, कारण खानदेशी फुटबॉलचं खरं दुखणं मातीत आहे. तापीकाठची काळी जमीन केळीला आणि कपाशीला सोनं, पण खेळाला वैरी. पावसात ती फुगते आणि बुटाच्या तळव्याला गोळ्यांनी चिकटते, दहा मिनिटांत पाय दुप्पट जड. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसावर गेला की तीच जमीन तडकते, भेगेत घोटा अडकेल इतकी. पाऊस वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर, पण तो मोजक्या दिवसांत कोसळतो आणि फुटबॉलचा हंगामही नेमका तेव्हाच. आंतरशालेय सुब्रतो चषक १९६० सालचा. त्याच्या जिल्हा आणि नाशिक विभागाच्या फेऱ्या पावसाळ्यातच होतात. पोरं हरतात ती पुष्कळदा चिखलाला.

उपाय आहे आणि तो महागही नाही. वरची काळी माती काढून खाली सहा इंच मुरूम दाबायचा, वर चार इंच पोयटा आणि वाळू मिसळून पसरायची. मधल्या रेषेपासून दोन्ही कडांना उतार शंभराला एक. मैदान ६८ मीटर रुंद असेल तर मध्य आणि कड यांत सुमारे ३४ सेंटीमीटरचा फरक, डोळ्याला दिसत नाही पण पाणी वाहून जातं. कडेने चर हवेतच, नाहीतर उतारावरून आलेलं पाणी कॉर्नरला साचतं. हरळीची मुळं पहिल्या दोन चांगल्या पावसांनंतर वीतभर अंतरावर लावायची आणि दीड-दोन महिने त्यावर खेळायचं नाही. इथेच बहुतेक ठिकाणी चूक होते: जुलैत हरळी लावतात आणि पंधरा ऑगस्टला त्यावरच स्पर्धा घेतात. रोलर वाफशावरच फिरवायचा. ओल्या मातीवर फिरवला तर ती घट्ट बसून मुळं गुदमरतात. सुकल्यावर फिरवला तर नुसता घाम निघतो, उंचवटे तसेच राहतात.

रेल्वेच्या मैदानांना पूर्वी एक जास्तीची मदत होती, ती वाफेच्या इंजिनांच्या राखेची. शेडमध्ये रोज ढिगांनी राख निघायची. तिचा थर खाली दिला की पाणी झिरपून जाई. वर उघडी राहिली तर मात्र पडणाऱ्याचा गुडघा सोलून निघे आणि जखमेतले काळे कण महिनोन्महिने कातडीखाली दिसत. १९६० च्या दशकाच्या अखेरीस इगतपुरी-भुसावळ मार्गावर विजेची इंजिनं धावू लागली, पुढे वाफेची इंजिनं निघून गेली, आणि राखही बंद झाली.

आखणी करताना काटकोन चुकतो ही नेहमीची तक्रार. दोरीवर ६, ८ आणि १० मीटरच्या गाठी मारून त्रिकोण ताणला की कोपरा बरोबर येतो. मग गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच, पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून ११ मीटरवर, मोठी चौकट १६.५ मीटरची, मधलं वर्तुळ ९.१५ मीटर त्रिज्येचं. फक्की मारताना कळीचा चुना अजिबात वापरू नये. ओलावा लागला की तो तापतो आणि घसरलेल्या खेळाडूच्या मांडीला नाहीतर डोळ्याला भाजतो. खडूची भुकटीच बरी, आणि रेषा १२ सेंटीमीटरपेक्षा जाड नको.

चेंडूचीही एक गोष्ट आहे. जुना चेंडू कातड्याचा, आत रबरी ब्लॅडर, तोंडाला वादी. हवा भरायची, ब्लॅडरची नळी दुमडून दोऱ्याने बांधायची, आत खुपसायची आणि वादी ओवून तोंड आवळायचं. वादी सैल राहिली की तिथे फुगवटा यायचा, मग चेंडू वाकडा उसळायचा आणि हेडर मारणाऱ्याच्या कपाळावर तिचा ठसा उठायचा. नियमाप्रमाणे चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा, पण कातडं पाणी पीत असल्यामुळे चिखलात तो त्याहून खूप जड व्हायचा. सामन्यानंतर चेंडू पुसून सावलीत वाळवायचा आणि चरबी चोळायची. उन्हात ठेवला की खानदेशात दोन दिवसांत शिवण उसवलीच म्हणून समजा. आजचा चेंडू पाणी पीत नाही, पण ऊन त्यालाही सोडत नाही. सकाळी २८ अंशांत ११ पौंड हवा भरली तर ४५ अंशांत तीच साडेबाराच्या आसपास जाते. म्हणून उन्हाळी शिबिरात हवा खेळायच्या वेळीच मोजावी.

तोटा झाला तो टीम खात्याची असण्यातूनच. १९४७ नंतर अँग्लो-इंडियन कुटुंबं इंग्लंड-ऑस्ट्रेलियाकडे निघाली, आणि त्यांच्याबरोबर मैदानावरची एक सबंध पिढी गेली. १९५१ साली जीआयपीची मध्य रेल्वे झाली. मुख्य संघ मुंबईत, त्यामुळे भुसावळात तयार झालेला चांगला खेळाडू मुंबईला जाणं ओघाने आलंच. बदल्या होत राहिल्या. खात्यांची फेररचना झाली, भरती आटली, आणि खातं आटलं की टीमही आटते. पेठ कुठे जात नाही, खातं जातं. शेजारी वरणगाव आणि भुसावळच्या आयुध निर्माणी, दीपनगरचं वीजकेंद्र इथेही वसाहती होत्या, तिथेही खेळ नोकरीच्याच आधाराने टिकला. त्यातच १९८६ ची विश्वचषक स्पर्धा दूरदर्शनवर दिसली आणि घराघरात अर्जेंटिना शिरली. नव्या पोराला पाठिंबा द्यायला लांबचा क्लब मिळाला, जवळचा मात्र हातातून निसटत होता.

क्वार्टर निवृत्तीनंतर सोडावं लागतं. म्हणून या गावात लहानपणीच्या घराच्या दारात पुन्हा उभं राहता येत नाही, तिथे दुसरं कुटुंब राहत असतं किंवा इमारतच पाडलेली असते. मैदान तेवढं जागेवर राहतं. बाहेरगावी स्थायिक झालेली माणसं भुसावळला उतरली की पंधरा बंगला नावाच्या भागाकडे, मैदानाकडे जातात ती यासाठी. भाषेचाही प्रश्न तिथे आड येत नाही. वसाहतीत घरी कोणी लेवा बोली बोले, कोणी अहिराणी, कोणी तेलुगू, कोणी इंग्रजी. मैदानावर ‘पास’, ‘मॅन’, ‘बॅक’ आणि ‘मार रे’ एवढ्यावर सगळं भागत असे.

रेल्वेलगतच्या मैदानांची एक खोड शेवटी सांगायला हवी. गोलपोस्ट उत्तर-दक्षिण असावेत म्हणजे मावळतीचं ऊन गोलकीपरच्या डोळ्यांत जात नाही. पण भुसावळला रूळ साधारण पूर्व-पश्चिम जातात, आणि मैदान रुळांना समांतर काढलं की पूर्वेचा गोल राखणाऱ्याच्या डोळ्यांवर संध्याकाळचं ऊन येतं. पावसाळ्यात ढग असतात तोवर ठीक, ऑगस्टच्या उघडिपीत मात्र हे भोवतं. पाचला सुरू झालेल्या सामन्यात सूर्य दुसऱ्या अर्ध्यात खाली येतो आणि थेट डोळ्यांत शिरतो. म्हणून नाणेफेक जिंकल्यावर पहिल्या अर्ध्यात पूर्वेचा गोल आपल्याकडे घ्यावा, वरचं ऊन सोसावं, आणि मध्यंतरानंतर बाजू बदलली की ते खालचं ऊन समोरच्या गोलकीपरला द्यावं. त्याच वेळी गोल हेरून उंच चेंडू टाकायचे.