जनऔषधवैद्यकशास्त्राचे अध्यापक (सांगली-सातारा परिसर)

वैद्यकीय महाविद्यालयात रोगप्रतिबंध, साथरोग व आरोग्यव्यवस्था हे विषय शिकवणारे आणि जिल्ह्याच्या आरोग्ययंत्रणेला सल्ला देणारे डॉक्टर. विद्यार्थ्यांच्या तोंडी हा विषय अजूनही ‘पीएसएम’ (प्रिव्हेंटिव्ह अँड सोशल मेडिसिन) आहे. देशाच्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीने १९४६ च्या अहवालात प्रत्येक भावी डॉक्टरला रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकाचे तीन महिने प्रशिक्षण द्यावे, असे सुचवले. पुढे महाविद्यालयांतून या विषयाचे स्वतंत्र विभाग उभे राहिले.

या भागातील वैद्यकीय शिक्षण त्याहून जुने आहे. मिशनरी डॉक्टर विल्यम वॉनलेस यांनी मिरजेत १८९४ मध्ये रुग्णालय आणि १८९७ मध्ये वैद्यकीय शाळा सुरू केली. मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चे. त्याच वर्षी १ मे रोजी राज्यात जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण आरोग्याची जबाबदारी त्यांच्याकडे गेली. त्यामुळे अध्यापक वैद्यकीय शिक्षण विभागाचा, प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे आणि जिल्हा शल्यचिकित्सक (जिल्हा रुग्णालयाचे प्रमुख) सार्वजनिक आरोग्य विभागाचे, अशी विभागणी झाली. या तिन्ही ठिकाणी ज्याचा शब्द चालतो, तोच अध्यापक जिल्ह्याच्या उपयोगी पडतो.

पेशाची वाट अशी : साडेचार वर्षे एमबीबीएस, एक वर्ष आंतरवासिता, तीन वर्षे एमडी, एक वर्ष वरिष्ठ निवासी डॉक्टर, मग सहायक प्राध्यापक. २०२२ च्या पात्रता नियमांनुसार सहयोगी प्राध्यापक होण्यास चार वर्षांचा अनुभव व दोन शोधनिबंध लागत, तर प्राध्यापकपदासाठी आणखी तीन वर्षे व दोन निबंध. त्यापुढे विभागप्रमुख व अधिष्ठाता. शासकीय आरोग्यसेवेतली दुसरी शिडी वैद्यकीय अधिकारी, तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी, उपसंचालक अशी चढते. आरोग्य केंद्र चालवण्याचा थोडा तरी अनुभव घेऊन अध्यापनात आलेला माणूस वेगळा ओळखू येतो. लस टोचणे सोपे. शीतसाखळी (लस सतत थंड ठेवण्याची व्यवस्था) तुटू न देता ती जावळीच्या डोंगरातल्या उपकेंद्रापर्यंत नेणे अवघड, हे त्याला सांगावे लागत नाही. सपाटीवर ३०,००० लोकसंख्येमागे एक आरोग्य केंद्र आणि डोंगरी भागात २०,००० मागे एक, या निकषामागचे कारणही तिथेच समजते.

अध्यापनाची खरी कसोटी लागते ती गावात, आणि पाण्यावर. पाण्याला किती क्लोरीन लागेल हे मोजणाऱ्या हॉरॉक्स उपकरणाने ब्लीचिंग पावडरीचा डोस कसा काढायचा, हे प्रत्येक विद्यार्थ्याला हाताने करता आले पाहिजे. काळ्या कपात २ ग्रॅम ब्लीचिंग पावडरचे (गावात ‘टीसीएल’) द्रावण करतात. सहा पांढऱ्या कपांत तपासायचे पाणी भरून पहिल्यात त्या द्रावणाच्या निवळीचा एक थेंब, दुसऱ्यात दोन, असे सहापर्यंत टाकतात. ढवळून अर्धा तास थांबायचे, मग प्रत्येकात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब. ज्या कपात प्रथम निळा रंग दिसेल, त्याचा क्रमांक गुणिले २ ग्रॅम हा ४५५ लिटर पाण्याचा डोस. निळेपणा तिसऱ्या कपापासून असेल, तर ६ ग्रॅम.

चुका बहुतेक यानंतर होतात. कोरडी पावडर थेट विहिरीत टाकली की चुना तळाशी बसतो आणि पाण्याचा जडपणा वाढतो. पावडर बादलीत कालवून पातळ करावी (एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा जास्त नको), पाच-दहा मिनिटांनी वरची निवळीच दुसऱ्या बादलीत घ्यावी, ती बादली विहिरीत सोडून वर-खाली व आडवी हलवावी. खालचा चुना टाकून द्यावा. त्यानंतर किमान एक तास पाणी उपसू नये; म्हणून हे काम रात्री करणे बरे. तासाभराने लिटरमागे ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन उरलेले दिसले पाहिजे. जलसुरक्षक (गावचे पाणी शुद्ध करणारा व तपासणारा कर्मचारी) ओटी टेस्ट (क्लोरीनची ऑर्थोटोल्युडीन चाचणी) करतो तेव्हा रंग दहा सेकंदांच्या आत वाचायला हवा. उशीर केला तर संयुक्त (इतर पदार्थांशी जोडले गेलेले) क्लोरीनही पिवळा रंग देते आणि अपुरे शुद्ध पाणी चांगले ठरते. ग्रामपंचायतीच्या दमट खोलीत उघडे पडलेले पोतेही असाच घात करते : क्लोरीन उडून जाते, वजन तेवढेच राहते. नव्या पोत्यात क्लोरीन सुमारे ३३ टक्के असते. नमुना २० टक्क्यांखाली गेला की ती पावडर वापरण्याजोगी नाही. स्रोतांची पावसाळ्याआधी व नंतर पाहणी होऊन जोखमीनुसार ग्रामपंचायतींना लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. विद्यार्थ्यांनी ते कार्ड का मिळाले हे विहिरीच्या कठड्यापाशी उभे राहून तपासावे, कागद पाहून नव्हे.

महापुरात हे सारे एकदम अंगावर येते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट आहे. पाणी ओसरल्यावर चिखलात व गोठ्यांत काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिसविरुद्ध (प्राण्यांच्या मूत्राने दूषित पाण्यातून होणारा रोग) डॉक्सिसायक्लिन २०० मिलिग्रॅम आठवड्यातून एकदा, पोटात अन्न असताना देतात. गरोदर स्त्रिया आणि आठ वर्षांखालील मुले मात्र वगळावी लागतात, आणि गोळ्यावाटपाच्या घाईत नेमके हेच विचारायचे राहून जाते.

या कामाची आणखी एक बाजू कमी बोलली जाते. कृष्णा कराडहून सांगलीकडे वाहते, पण आरोग्य उपसंचालकांच्या रचनेत सातारा पुणे मंडळात आणि सांगली कोल्हापूर मंडळात. वरच्या अंगाला काविळीचे किंवा गॅस्ट्रोचे रुग्ण वाढले, तर खालच्या गावांना ती बातमी अहवालाची वाट न पाहता त्याच दिवशी कळवणे, हे काम दोन्ही जिल्ह्यांतील अध्यापकांच्या आपसातल्या ओळखीवरच अनेकदा अवलंबून असते.