टाकी भरलेली, साखळी कोरडी

चेनसॉ (लाकूड कापायची यांत्रिक करवत) साखळीला तेल देतोय की नाही हे कळायला तो उघडावा लागत नाही. एक टाकी पेट्रोल संपलं की शेजारच्या तेलाच्या टाकीचं झाकण काढून आत डोकावायचं. तेलही जवळजवळ तळाला गेलेलं असेल तर बहुधा सगळं ठीक. दोन्ही टाक्यांची मापं मुद्दामच तशी ठेवलेली असतात: पेट्रोल आधी संपावं, तेल थोडं उरावं, म्हणजे कोरड्या साखळीवर मशीन चालत राहायला नको. पण पेट्रोल संपलं आणि तेल काठोकाठ तसंच आहे, तर एवढा वेळ साखळी पट्टीवर, म्हणजे ती जिच्या कडेने फिरते त्या लांब पोलादी पात्यावर, लोखंडाला लोखंड घासत पळत होती.

तिसऱ्या प्रकारात बहुतेकजण फसतात. टाकी रिकामी झालेली असते आणि साखळी तरीही कोरडी. तेल गेलं, पण साखळीपर्यंत पोचलं नाही. या दोन दुखण्यांची मुळं मशीनच्या दोन वेगळ्या टोकांना असतात. गॅरेजमध्ये मात्र दोन्हींना एकच उत्तर मिळतं, "पंप गेलाय, नवीन टाका." जुन्या चेनसॉच्या बाबतीत माझं मत अगदी उलट आहे. पंपावर संशय सगळ्यात शेवटी घ्यावा.

इथे तेल म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळतो ते टू-स्ट्रोक ऑइल नव्हे. ते इंजिनाच्या आतल्या भागांसाठी. साखळीच्या तेलाची टाकी, वाट आणि पंप पूर्ण स्वतंत्र असतात आणि त्याचं काम इंजिन ऑइलपेक्षा वेगळंच आहे. साध्या मापाची साखळी घेऊ. तिचं पिच, म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधल्या अंतराचा निम्मा भाग, 3/8 इंच, म्हणजे 9.525 मिलीमीटर. सात दातांचं चाक एका फेऱ्यात अशी साखळी 133 मिलीमीटर पुढे ढकलतं. इंजिन मिनिटाला 9,000 फेरे घेत असेल तर साखळीचा वेग होतो सेकंदाला 20 मीटर, म्हणजे ताशी 72 किलोमीटर. सोळा इंची पट्टीवरची साखळी जेमतेम मीटरभर लांब, त्यामुळे ती सेकंदाला अठरा-एकोणीस वेळा पूर्ण फिरते. पंप मिनिटाला साधारण 5 ते 20 मिलीलिटर तेल देतो. दहा धरलं, तर साखळीच्या एका फेरीच्या वाट्याला येतो थेंबाचा पाचवा हिस्सा. एवढ्यावर तिने भागवायचं.

शिवाय हे तेल सुटतं नको तिथे. पट्टीच्या मशीनकडच्या टोकाला एक बारीक छिद्र असतं, तिथून ते पट्टीच्या खाचेत उतरतं. साखळीचे खाचेत बुडालेले दुवे ते पुढे ओढून नेतात. पण पट्टीच्या वरच्या अंगाची साखळी आपल्यापासून लांब, नाकाकडे, म्हणजे पट्टीच्या पुढच्या टोकाकडे पळते, आणि कापायचं खरं काम बहुतेक वेळा खालच्या अंगाला चालतं. म्हणजे तेलाला आधी पूर्ण वरची बाजू पार करायची, नाकावरून वळायचं आणि मग जिथे दाब पडतो तिथे पोचायचं. त्या वळणावर त्याची परीक्षा होते. नाकाची त्रिज्या तीन-सव्वातीन सेंटिमीटर आणि वेग सेकंदाला 20 मीटर, हे गणित मांडलं तर तेलाला बाहेर फेकू पाहणारा जोर त्याच्या वजनाच्या सुमारे 1,300 पट निघतो. साधं इंजिन ऑइल इथे टिकत नाही, फवारा होऊन उडून जातं. म्हणून साखळीच्या तेलात पॉलिआयसोब्युटिलीनसारखे लांबलचक रेणू मिसळतात. हाच पदार्थ च्युइंग गममध्येही असतो. चांगल्या तेलाचा थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं लांब केली की एकतारी पाकासारखी तार निघते. ही तार तेलाला साखळीवर धरून ठेवते.

आणि एवढं करून ते परत येत नाही. मोटारीचं तेल इंजिनात गोल गोल फिरतं, चेनसॉचं भुशाबरोबर जमिनीवर पडतं. बैलगाडीच्या आसाला घातलेलं वंगणही असंच रस्त्यावर गळून जायचं. गाडीवान ते पुन्हा हाताने घालायचा. जुन्या चेनसॉमध्येही सुरुवातीला तीच रीत होती. मुठीजवळ एक बटण असे, कापताना मधूनमधून अंगठ्याने दाबायचं की तेलाची पिचकारी साखळीवर. तुमचं मशीन फार जुनं असेल तर आधी असं बटण आहे का ते बघा. पंप बिघडलेला नसून बटण दाबायचंच राहिलेलं असू शकतं.

आता दुरुस्ती. स्पार्क प्लगची टोपी काढून ठेवा, हातमोजे घाला आणि बाजूचं कव्हर, साखळी, पट्टी उतरवा. एका आंब्याच्या बागेतलं जुनं मशीन असं उघडलेलं पाहिलं, तेव्हा क्लचच्या खालची सगळी पोकळी काळ्या, ओलसर लगद्याने चोंदलेली होती. भुसा आणि तेल एकत्र दाबून त्याचा जाड नमदा झाला होता, पेचकसाने खरवडला की सालासारखा निघत होता. पट्टीवरचं तेलाचं छिद्र तर दिसतच नव्हतं. त्या जागी एक गडद ठिपका होता आणि त्यात बारीक तार खुपसल्यावर तीन-चार मिलीमीटर लांबीची घट्ट काडी बाहेर आली. टाकी रिकामी पण साखळी कोरडी, या दुखण्याचं नेहमीचं कारण हेच. पंप तेल ढकलत असतो. समोरचं छिद्र बंद असलं की तेल पट्टी आणि मशीन यांच्या फटीतून खाली ओघळतं. मशीनचं बूड तेलकट, जमिनीवर डाग, आणि मालक निश्चिंत, की तेल तर संपतंय.

छिद्र साफ करायचं, मग पट्टीची खाच. एखादा पातळ पत्रा किंवा जुनं हॅकसॉचं पातं टोकापासून टोकापर्यंत ओढत न्यायचं. पट्टीला दोन्ही कडांकडे एकेक छिद्र असतं, कारण ती उलटवून लावता येते. दोन्ही साफ करा. पट्टी हातात आहेच तर रुळांकडे, म्हणजे खाचेच्या दोन्ही कडांकडे, नीट बघा. कुठे निळसर छटा दिसली तर तिथलं पोलाद साधारण 300 अंश सेल्सिअसपर्यंत तापून गेलं आहे. तो रंग पोलादावर आलेल्या ऑक्साइडच्या अतिशय पातळ थराचा, पाण्यावरच्या तेलाच्या तवंगात दिसतो तसा, प्रकाशलहरींच्या खेळातून आलेला. तो घासून निघतो, पण त्या जागी रुळांचं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलेलं असतं, ते काही परत चढत नाही. धूर मात्र पुरावा म्हणून कच्चा. बोथट साखळीही धूर काढते. कापताना चकत्या-चोया न पडता पीठ पडत असेल तर आधी कानस घ्या.

पट्टी उतरलेली असतानाच सगळ्यात उपयोगी तपासणी होऊन जाते. प्लगची टोपी परत लावून मशीन चालू करायचं, थोडी रेस द्यायची आणि पट्टी जिथे टेकते तिथल्या तेलाच्या तोंडाकडे बघायचं. बोटं चाकापासून लांब, आणि बिनओझ्याचं इंजिन फार वेळ ओरडत ठेवायचं नाही. तिथून तेल उमाळत असेल तर मशीन निर्दोष, दोष पट्टीत होता. तेल येत नसेल तर मागे मागे जायचं, टाकीपर्यंत.

मागे जाताना एक गोष्ट लक्षात असू द्यावी. पंप तेल ढकलताना बराच जोर लावू शकतो, पण ओढताना तो दुबळा असतो. खरं तर तो ओढत नाहीच. तो स्वतःच्या पोकळीत दाब कमी करतो आणि बाहेरचं वातावरण टाकीतल्या तेलावर दाब देऊन ते त्या पोकळीत सरकवतं. मिळणारा जोर जास्तीत जास्त एका वातावरणाइतकाच. म्हणून टाकी ते पंप या वाटेवरची लहानसहान अडचणही प्रवाह थांबवते.

पहिली अडचण टाकीच्या श्वासाची. जेवढं तेल बाहेर जाईल तेवढी हवा आत यायला हवी, त्यासाठी टाकीला एक बारीकशी झडप असते. ती भुशाने बुजली की टाकीत पोकळी तयार होते आणि वातावरणाचा दाब तेलापर्यंत पोचत नाही. लक्षण ठरलेलं आहे: सुरुवातीला तेल नीट येतं, थोड्या वेळाने थांबतं, आणि झाकण उघडताना फुस्स करून हवा आत जाते. मशीन जमिनीवर आडवं न करता, झाकण किंचित सैल ठेवून तेल सुरू होतंय का ते बघा. होत असेल तर झडप साफ करा, पंपाला हात लावू नका.

इथे एक गंमत आहे. होमलाइट कंपनीच्या काही जुन्या लहान मशीनांत खटाटोपच वेगळा होता. इंजिनाच्या क्रँककेसमधला, म्हणजे पिस्टनखालच्या बंद पोकळीतला, दाब एका एकेरी रबरी झडपेतून तेलाच्या टाकीत सोडलेला असे आणि त्या दाबानेच तेल बाहेर पडे. अशा मशीनचं झाकण सैल केलं तर तेल उलट थांबतं. तिथे दोषी निघतं ते झाकणाचं कडक झालेलं वायसर किंवा ती रबरी झडप. म्हणजे एकाच लक्षणावर एका मशीनला श्वास घेऊ द्यायचा आणि दुसऱ्याचं तोंड घट्ट मिटायचं.

दुसरी अडचण टाकीच्या तळाशी असलेल्या गाळणीची आणि नळीची. फ्रेंच वैद्य प्वाझय याने 1840 च्या दशकात बारीक नळ्यांतून द्रव किती वाहतो याचा नियम मांडला. त्याचं मूळ कुतूहल रक्तप्रवाहाचं होतं. तोच नियम इथे लागू होतो. नळीची त्रिज्या निम्मी झाली तर तेवढ्याच दाबाखाली प्रवाह निम्मा होत नाही, सोळाव्या हिश्श्यावर येतो. त्यामुळे नळीच्या आतल्या भिंतीवर चढलेला चिकट थर दिसायला क्षुल्लक असला तरी साखळी कोरडी पाडायला पुरतो.

त्याहून फसवी गोष्ट म्हणजे नळीला गेलेली चीर. जुनं रबर कडक होऊन तोंडापाशी फाटतं. बाहेर तेल गळताना दिसत नाही, कारण नळीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी; गळती आतल्या बाजूला, हवेची. हवेचा दाटपणा, म्हणजे श्यानता, साखळीच्या तेलापेक्षा हजारो पटींनी कमी आहे. ज्या चिरेतून तेल हलणारही नाही तिथून हवा सर्रास घुसते. पंपाची पोकळी इवलीशी, तिच्यात हवा शिरली की दट्ट्या ती नुसती दाबतो आणि सोडतो, तेल पुढे सरकत नाही. नळी काढून वाकवून बघा. वाकवल्यावर चिरा उघडतात. शंका असेल तर बदलाच. जुन्या मशीनच्या रबरावर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही.

एवढं सगळं ठीक निघालं तरच पंप. तो बहुधा क्लचच्या मागे असतो आणि क्लचला सहसा उलटे आटे असतात, म्हणजे घड्याळाच्या दिशेने फिरवला की तो सुटतो. हे माहीत नसल्याने जोर लावून क्लच आणखी आवळणारे बरेच. आतला पंप म्हणजे देखणी चीज आहे. काडीएवढा पोलादी दट्ट्या, त्याला दाते, आणि त्या दात्यांत अडकलेला एक वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेलं चाक. दट्ट्या सावकाश स्वतःभोवती फिरतो, आणि फिरता फिरता एका खिळीवर सरकणाऱ्या तिरप्या खाचेमुळे पुढेमागेही होतो. त्याच्या अंगावर एक बाजू सपाट तासलेली असते. ती फिरत फिरत कधी टाकीकडच्या छिद्रासमोर येते, कधी पट्टीकडच्या. वेगळी झडप लागतच नाही. बिघडतो तो शक्यतो वर्म. पुष्कळ मशीनांत तो प्लास्टिकचा असतो आणि त्याचे दाते वितळतात किंवा झिजतात. क्लच गरम होईपर्यंत साखळी ब्रेक लावलेला असताना रेस देणं हे त्याचं एक कारण. वर्म बदलणं पूर्ण पंप बदलण्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं.

पण हे सगळं चोंदतं कशामुळे? चेनसॉ आपल्याकडे हंगामी आहे. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं तेव्हा रस्त्यांवर पडलेली झाडं कापायला एनडीआरएफपासून गावकऱ्यांपर्यंत सगळ्यांच्या हातात चेनसॉ होते. बाकीचे कित्येक महिने तो पडवीत पडून राहतो, टाकीत उरलेल्या तेलासकट. ते तेल कुठलं यावर पुढचं सगळं ठरतं. सूर्यफुलासारख्या तेलात दुहेरी बंध भरपूर असतात, हवेतला ऑक्सिजन ते बंध पकडून रेणूंना एकमेकांशी जोडत जातो आणि तेलाचा डिंक होतो. जवसाच्या तेलाने रंग वाळतो तो याच गुणामुळे. एकदा असा डिंक झाला की रॉकेलने विरघळत नाही, भिजवून खरवडावा लागतो. खोबरेल तेल असं वाळत नाही, पण ते 24-25 अंशांखाली गोठतं. थंडीतल्या सकाळी पंपाला घट्ट गोळा मिळेल. एरंडेल टिकाऊ आणि चिकट, पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या इंजिनांत वापरलेलं, पण नुसतं घातलं तर पंपाला फार दाट.

आणि जळकं ऑइल? फुकट मिळतं म्हणून सर्रास ओततात. त्यात धातूचा कीस असतो, जो दट्ट्याला कानशीसारखा घासतो. कर्करोगाशी संबंध असलेली संयुगंही असतात, आणि इथे ती बारीक तुषार होऊन कापणाऱ्याच्या अंगावर, श्वासात आणि झाडांच्या मुळांशी जातात. ऑस्ट्रियात 1990 च्या दशकापासून चेनसॉसाठी सहज कुजणारंच तेल वापरायचा नियम आहे. तिकडे मोहरीच्या जातीच्या रेपसीड तेलात वाळू न देणारी द्रव्यं मिसळून विकतात. तेही वर्षभर टाकीत ठेवायचं नसतं.

सगळं जोडून झालं की पट्टीचं टोक फिकट पुठ्ठ्यापासून किंवा ताज्या कापलेल्या बुंध्यापासून वीतभर अंतरावर धरून रेस द्या. मिनिटभरात तेलाच्या बारीक ठिपक्यांची एक रेघ उमटायला हवी. रेघ येत असेल पण फिकी, तर बहुतेक मशीनांना खालच्या बाजूला तेल कमी-जास्त करायचा स्क्रू असतो. सुकलेलं, कठीण लाकूड किंवा लांब पट्टी असेल तर तो थोडा उघडा. आणि नवीन साखळी चढवण्याआधी रात्रभर तेलात बुडवून ठेवा, कारण रिव्हेटांच्या आत तेल शिरायला वेळ लागतो आणि पहिल्या काही मिनिटांत पंप तिथपर्यंत पोचत नाही.