इम्प्लांटवरील दंतसांगाडा : वितळजोड आणि बैठक

जबड्याच्या हाडात रोवलेल्या टायटॅनियमच्या इम्प्लांटांवर (कृत्रिम दंतमुळांवर) स्क्रूने आवळायच्या, कृत्रिम दात पेलणाऱ्या धातूच्या सांगाड्याचे तुकडे ज्या पद्धतीने वितळवून जोडले जातात (वितळजोड), तिचा सांगाड्याच्या बैठकीवर, म्हणजे तो इम्प्लांटांवर किती अचूक टेकतो यावर, होणारा परिणाम. नैसर्गिक दात तंतूंच्या आवरणात असल्याने सु. १०० मायक्रॉन (१ मायक्रॉन = मिलिमीटरचा हजारावा भाग) हलू शकतो. हाडाशी एकजीव झालेले इम्प्लांट जेमतेम १० मायक्रॉन हलते. त्यामुळे वाकडा सांगाडा आवळला, की ताण स्क्रूत आणि हाडात तसाच अडकून राहतो.

सांगाडा आणि इम्प्लांट यांच्यात किती फट चालेल, याबाबत मतभेद आहेत. गोथेनबर्ग येथे १९६५ मध्ये पहिल्या रुग्णावर इम्प्लांट बसवणारे ब्रोनेमार्क यांच्या नावावर १० मायक्रॉनची मर्यादा सांगितली जाते. संशोधक येम्ट यांनी १९९१ मध्ये १५० मायक्रॉनपर्यंतची फट चालण्याजोगी मानली. दोन्ही आकड्यांमागे मोजमापापेक्षा अनुभवाचा आधार अधिक दिसतो. प्राण्यांवरील प्रयोगांत सदोष बैठकीमुळे हाड झिजल्याचा ठाम पुरावा मिळालेला नाही. स्क्रू सैल होणे वा तुटणे यांच्याशी तिचा संबंध जास्त पटण्याजोगा आहे. प्रयोगशाळेत एका टोकाचा एकच स्क्रू आवळून दुसरे टोक उचलले जाते का, हे भिंगाखाली पाहतात.

अखंड ओतलेला लांब सांगाडा थंड होताना आकसतो, म्हणून तो कापून पुन्हा जोडतात. झाळकामात (वेगळा धातू वितळवून सांधा भरण्याच्या पद्धतीत) ज्योतीने वा भट्टीत मोठा भाग तापतो आणि हा भरणधातू गोठताना तुकड्यांना ओढतो. लेसरच्या मिलिसेकंदांच्या ठोक्यांत उष्णता एका ठिपक्यापुरती राहते. मात्र धातू वितळण्याची खोली कमी असल्याने जाड दांड्याचा गाभा न जुळलेला राहू शकतो. टंगस्टनच्या टोकातून निघणाऱ्या विद्युत्-ज्योतीने केलेला जोड खोल जातो, पण उष्णताही जास्त पसरते. या दोहोंच्या तुलनेतील निष्कर्ष एकमुखी नाहीत. लांब सांगाड्यासाठी लेसरकडे झुकणारे मत अधिक ग्राह्य वाटते. ठिपके समोरासमोर, आलटून-पालटून दिले तर ओढ परस्पर फिटते. कारागिराचा हा क्रम यंत्राइतकाच महत्त्वाचा आहे.

टायटॅनियम सु. १,६६८° से.ला वितळते आणि तापताच ऑक्सिजन शोषून ठिसूळ होते, म्हणून जोड आर्गॉन वायूच्या आवरणात करतात. चांगला जोड रुपेरी दिसतो. निळसर वा राखाडी झाक आली, तर तो हवेने बिघडला असे समजावे.

तोंडातच दांडा जोडण्याची पद्धत दंतवैद्य मोंदानी यांनी इटलीत १९८० च्या सुमारास विकसित केली. तीत तांब्याच्या दोन टोकांच्या चिमट्यातून क्षणभर विद्युत्प्रवाह सोडतात आणि तोंडाचा साचा घेऊन प्रतिकृती करण्याची पायरी टळते. संगणकाने ठोकळ्यातून कोरलेल्या सांगाड्यांत जोडच नसतो.