सुरांवर न बोलता रंगमंच दाखवायचा कसा? ऑपेराच्या ध्वनिवर्णनामागचा इतिहास

ऑपेरा हा ऐकण्याचा प्रकार आहे, मग दृष्टिहीन रसिकाला अडचण कसली, असा प्रश्न हमखास येतो. अडचण संगीतातूनच येते. नाटकात दोन वाक्यांमध्ये श्वासाएवढी मोकळी जागा मिळते आणि मंचावर काय चालले आहे, ते वर्णनकार तेवढ्यात कानात सांगतो. आपल्या संगीत नाटकातही पदांच्या अधेमधे गद्य असते. बहुतेक ऑपेरांत मात्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाद्यवृंद आणि गाणे सुरूच राहते. वर्णनाचा एकेक शब्द संगीताच्या अंगावरच पडतो. हे शब्द ठेवायचे कुठे, याचा शोध म्हणजे ऑपेराच्या ध्वनिवर्णनाचा इतिहास.

हा पेच पहिल्यांदा उघडा पडला तो रेडिओवर. २५ डिसेंबर १९३१ रोजी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने ‘हान्सेल उंड ग्रेटल’चा पूर्ण प्रयोग थेट प्रसारित केला. श्रोत्यांना मंच दिसत नसल्यामुळे संगीतकार-समीक्षक डीम्स टेलर संगीत चालू असतानाच कथानक सांगत राहिले. श्रोते वैतागले, तक्रारी आल्या आणि ही पद्धत टिकली नाही. पुढची चार दशके मिल्टन क्रॉस हे निवेदक पडदा उघडण्यापूर्वी आणि मध्यंतरात बोलत: कथानक, नेपथ्य, कोण कुठून येते, वेशभूषा कशी आहे. हे दृष्टिहीनांसाठी मुद्दाम केलेले नव्हते, पण शब्द संगीताच्या बाहेर ठेवण्याची युक्ती इथेच सापडली होती.

ध्वनिवर्णन ही स्वतंत्र सेवा नाटकाच्या वाटेने आली. १९७०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोत ग्रेगरी फ्रेझर यांनी ही कल्पना विद्यापीठीय प्रबंधात मांडली. १९८१ मध्ये वॉशिंग्टनच्या अरीना स्टेज या नाट्यगृहात मार्गारेट रॉकवेल आणि कोडी फॅनस्टील यांनी प्रयोगादरम्यान थेट वर्णन सुरू केले. मार्गारेट स्वतः दृष्टिहीन होत्या आणि दृष्टिहीनांसाठी रेडिओवर वाचनसेवा चालवत होत्या. पाहतो तेच सांगायचे, मत द्यायचे नाही, संवादावर बोलायचे नाही, हे त्यांचे नियम आजही शिकवले जातात. मात्र ‘संवादावर बोलू नका’ हा नियम ऑपेराला शब्दशः लावला, तर वर्णनकाराला जवळपास तोंडच उघडता येत नाही.

त्यातच १९८३ मध्ये टोरांटोच्या कॅनेडियन ऑपेरा कंपनीने ‘एलेक्ट्रा’च्या प्रयोगात मंचाच्या वर भाषांतराच्या ओळी दाखवल्या. हे सरटायटल्स काही वर्षांत जगभर पसरले. मेट्रोपॉलिटनने १९९५ मध्ये प्रत्येक आसनापुढे या ओळी दाखवणारी छोटी पट्टी बसवली. डोळस प्रेक्षकांसाठी ही क्रांतीच होती. दृष्टिहीन रसिकाची स्थिती मात्र त्याच पावलाने बिघडली. पूर्वी इटालियन किंवा जर्मन शब्द शेजाऱ्यालाही कळत नसत. आता शेजारी नेमक्या ओळीवर हसतो आणि तो का हसला, हे एकट्या दृष्टिहीन रसिकालाच ठाऊक नसते. म्हणून ऑपेरात वर्णनाइतकेच भाषांतरही कानापर्यंत पोचवावे लागते. हा मुद्दा अनेक संस्थांनी फार उशिरा मनावर घेतला.

युरोपात यावर दोन उत्तरे निघाली. लंडनच्या रॉयल ऑपेरा हाउससाठी ग्रेग यॉर्क यांनी ‘ध्वनिप्रास्ताविका’ची पद्धत बांधली. प्रयोगापूर्वी दहा-पंधरा मिनिटे नेपथ्य, वेशभूषा, पात्रांची ठेवण आणि प्रत्येक अंकातल्या हालचाली सांगायच्या आणि संगीत सुरू झाले की गप्प राहायचे. बार्सिलोनाच्या लिसेऊ नाट्यगृहाने २००४ च्या सुमारास दुसरी वाट धरली. तिथल्या स्वायत्त विद्यापीठातील भाषांतर-अभ्यासकांसोबत त्यांनी प्रास्ताविकाच्या जोडीला प्रयोगादरम्यानचे मोजके वर्णन आणि सरटायटल्सचा सारांश दिला. आज बहुतेक ठिकाणी या दोहोंची सांगड दिसते आणि तीच योग्य वाटते. निव्वळ प्रास्ताविकावर भिस्त ठेवली, तर तिसऱ्या अंकापर्यंत पहिल्या पंधरा मिनिटांतले अर्धे तपशील विसरलेले असतात.

प्रत्यक्ष काम संहितेपासून सुरू होते. वर्णनकार पियानोसहित गायनाची स्वरलिपी पुढ्यात घेऊन आधी जागा हेरतो: पूर्वरंग, दोन प्रवेशांमधले वाद्यसंगीत, दीर्घ स्वर, पुनरावृत्ती. हँडेलच्या एकल गीतात पहिला भाग शेवटी पुन्हा येतो. शब्द एकदा कळलेले असतात, म्हणून वर्णन त्या फेरीत टाकता येते. पण गायक तीच फेरी अलंकारांनी सजवतो, त्यामुळे तिथेही एखाद्या वाक्यावर थांबावे लागते. बोलण्याच्या अंगाने जाणाऱ्या वेगवान भागात कथानक झरझर सरकते. तिथे वर्णन मागे ठेवून भाषांतराचा गाभा द्यायचा. दोन्हींसाठी दोन वेगळे आवाज असले, तर कुठले वाक्य पात्राचे आणि कुठले वर्णनकाराचे, हा घोळ होत नाही.

कसोटीचा प्रसंग पुच्चिनीच्या ‘तोस्का’तला दुसऱ्या अंकाचा शेवट. स्कार्पिया या पोलीसप्रमुखाला भोसकल्यावर नायिका तोस्का त्याच्या मुठीतले शहराबाहेर जाण्याचे परवानापत्र काढून घेते. नंतर ती जवळजवळ काही गात नाही. सगळे करुण, दबलेल्या वाद्यसंगीतात घडते. न सांगितले, तर हा प्रसंग हरवतो. भरभरून सांगितले, तर संगीत मरते. म्हणून वाक्ये अशी: “शवाच्या एका बाजूला मेणबत्ती. दुसऱ्या बाजूला दुसरी. भिंतीवरचा क्रूस काढते. त्याच्या छातीवर ठेवते.” प्रत्येक वाक्यानंतर संगीताला वाव. ‘ती भेदरली आहे’ असे सांगायचे नाही. ते वाद्यवृंद सांगतो.

ध्वनिमुद्रित वर्णन इथे चालत नाही. वाद्यवृंद संचालकाची लय रोज थोडी बदलते, टाळ्यांसाठी थांबावे लागते. वर्णनकार बंद कक्षातून मंच आणि संचालक दाखवणारा मॉनिटर पाहत थेट बोलतो. रंगीत तालमीनंतर संहिता नव्याने जुळवावी लागते. आजच्या दिग्दर्शकाने प्रासादाचे हॉटेल केलेले असते, गायक ‘तलवार’ म्हणतो आणि हातात पिस्तूल असते. ही विसंगती प्रास्ताविकातच सांगावी. ऐन प्रयोगात ती समजावायला वेळ मिळत नाही.

दृष्टिहीन रसिकांना मंचावर नेऊन नेपथ्य हाताळू देणारी स्पर्शफेरी प्रयोगाच्या साधारण दीड-दोन तास आधी, मांडणी पूर्ण झाल्यावर आणि गायकांचा गळा तापवण्याआधी घेतात. वस्तू, कापडाचे वजन, मंचाचा उतार, नेपथ्याचे छोटे प्रारूप हातांना कळले की प्रास्ताविक निम्म्या शब्दांत होते. फिरता मंच आणि हलणारे नेपथ्य त्या वेळेपुरते कुलूपबंद असले पाहिजे.

हेडसेट एका कानाचा हवा. दुसरा कान सभागृहासाठी मोकळा. आवाज चढवला की हेडसेटमधून तो झिरपतो आणि शेजारी तक्रार करतो. बंद सभागृहात हेडसेटपर्यंत आवाज पोचवायला अवरक्त किरणांची यंत्रणा चांगली चालते, पण खांबाआड किंवा बाल्कनीखाली संकेत तुटतो. म्हणून तिकीट देतानाच आसन तपासावे. इटलीतल्या माचेराता शहराच्या स्फेरिस्तेरिओ या १८२९ च्या खुल्या रिंगणात उन्हाळी महोत्सवासाठी २००९ च्या सुमारास ध्वनिवर्णन सुरू झाले. अशा खुल्या जागी उन्हाचा अवरक्त किरणांना उपद्रव होतो आणि रेडिओलहरी सोयीच्या पडतात. तिथला मंचही प्रचंड रुंद, त्यामुळे ‘डावीकडे’, ‘अगदी उजव्या टोकाला’ हे शब्द वगळून चालत नाही. मोबाइल ॲप स्वस्त पडते, पण वायफायवरून आवाज पोचायला उशीर होतो. पडदा पडून गेल्यावर कानात “मेणबत्ती ठेवते” ऐकू आले, तर ते वर्णन निरुपयोगी. त्यामुळे प्रास्ताविक फोनवर आधीच पाठवावे आणि थेट वर्णन सभागृहाच्या यंत्रणेवरून द्यावे.