गृहशिक्षणविषयक कायदे (अमेरिकेची संयुक्त संस्थाने)

मुलांना शाळेत न घालता घरी शिकवण्याची मुभा आणि तिच्या अटी ठरवणारे अमेरिकेतील राज्यांचे नियम. शिक्षण हा तेथे मुख्यतः राज्यांचा विषय असल्याने देशभर लागू असा एकच कायदा नाही.

या मुभेच्या उगमाबद्दल दोन मते आहेत. १९७० च्या दशकातील जॉन होल्ट यांच्यासारखे शाळापद्धतीचे टीकाकार आणि पुढे सनातनी ख्रिस्ती पालक यांनी चळवळ करून ती मिळवली, असे एक मत. दुसरे मत तिचे मूळ सक्तीच्या शिक्षणाच्या जुन्या कायद्यांतच शोधते. मॅसॅच्युसेट्स वसाहतीने १६४२ मध्ये मुलांना वाचता येते की नाही हे पाहण्याची जबाबदारी आईबापांवर व उमेदवारी करणाऱ्या मुलांच्या धन्यांवर टाकली. गावांनी शिक्षक नेमावेत हा आदेश त्यानंतरचा, १६४७ चा. देशातील पहिला हजेरीसक्तीचा कायदाही याच राज्याचा (१८५२). मुले शिकावीत हा या तरतुदींचा हेतू आहे, ती अमुकच पद्धतीने शिकावीत हा नव्हे, असे तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘कॉमनवेल्थ विरुद्ध रॉबर्ट्स’ (१८९३) खटल्यात म्हटले. हे पाहता दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र बहुतेक राज्यांत स्पष्ट मान्यता मिळाली ती चळवळीच्या रेट्यानेच, साधारणतः १९८० ते १९९३ या काळात.

संघराज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे ‘पीअर्स’ (१९२५) व ‘योडर’ (१९७२) हे निकाल पालक नेहमी पुढे करतात. पहिला खाजगी शाळांविषयी, दुसरा आमिश या ख्रिस्ती पंथाच्या आठवीपुढील मुलांविषयी आहे. त्यांतून गृहशिक्षणाचा बिनशर्त हक्क निघत नाही.

न्यूयॉर्कचे नियम कडक गणले जातात. १ जुलैपर्यंत जिल्हा शिक्षण अधीक्षकांना लेखी सूचना, मग प्रत्येक मुलाचा विषयवार अध्यापन आराखडा, वर्षातून चार अहवाल आणि वर्षअखेर मूल्यमापन, असा क्रम असतो. पहिली ते सहावीसाठी वर्षाला ९०० तास, सातवी ते बारावीसाठी ९९० तास अध्यापन लागते. पेन्सिल्व्हेनियात शपथपत्र व मुलाच्या कामाची फाइल ठेवावी लागते. मॅसॅच्युसेट्समध्ये १९८७ च्या ‘चार्ल्स’ निकालानुसार स्थानिक शिक्षण अधिकाऱ्यांची पूर्वसंमती आवश्यक आहे.

टेक्ससमध्ये १९९४ च्या ‘लीपर’ निकालाने घरातील शाळा खाजगी शाळेच्या व्याख्येत बसवली. वाचन, शुद्धलेखन, व्याकरण, गणित व नागरिकशास्त्र लेखी अभ्यासक्रमानुसार प्रामाणिकपणे शिकवणे पुरते. कॅलिफोर्नियात अपील न्यायालयाने फेब्रुवारी २००८ मध्ये शिकवणाऱ्या पालकाकडे अध्यापन परवाना हवा असे ठरवून खळबळ उडवली आणि ऑगस्टमध्ये फेरसुनावणीनंतर भूमिका बदलली. तेथे बहुतेक पालक खाजगी शाळा म्हणून दरवर्षी प्रतिज्ञापत्र भरतात.

हे नियम नागरिकत्वावर नव्हे, वास्तव्यावर लागू होतात. त्यामुळे नोकरीच्या व्हिसावर राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही ते बंधनकारक आहेत. टेक्ससहून न्यूयॉर्कला बदली झालेल्या पालकांनी शालेय वर्षाच्या मध्येच घरी शिकवायला घेतले, तर सुरुवातीपासून १४ दिवसांत सूचना द्यावी लागते.